उपग्रहातून खाडी पाहताना : दिल्लीत बसून प्लवकांचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

दिल्लीला समुद्र नाही, पण समुद्राच्या अभ्यासाचे पुष्कळ कागद दिल्लीतूनच हलतात. पृथ्वी विज्ञान मंत्रालय लोधी रोडवर आहे, आणि गोव्यातल्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ज्या सीएसआयआरची, तिचे मुख्यालय रफी मार्गावर. जेएनयू, जामिया, दिल्ली विद्यापीठ किंवा आयआयटीत शिकणाऱ्या आणि प्रबंधासाठी कोकणातली वा गोव्यातली खाडी निवडू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर म्हणूनच एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो: खाडीपासून दीड-दोन हजार किलोमीटरवर बसून, फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय माहितीवरून तिथल्या वनस्पतिप्लवकांचे चढउतार अभ्यासता येतील का? येतील. मात्र चित्रे उतरवून घेण्याआधी काही निर्णय घ्यावे लागतात. ते बहुतेक वेळा चित्रे उतरवून झाल्यावर आणि मार्गदर्शकांनी पहिला प्रश्न विचारल्यावर घेतले जातात, आणि गोंधळ तिथेच होतो. हा लेख त्या निर्णयांपुरता आहे.

उपग्रहाला नेमके काय दिसते

वनस्पतिप्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना सुटेसुटे न दिसणारे जीव. खाडीतल्या कोळंबीपासून बगळ्यापर्यंत अनेकांचे पोट शेवटी त्यांच्यावर चालते. उपग्रह हे जीव मोजत नाही. तो मोजतो सूर्यप्रकाशाचा पाण्यात शिरून परत फिरलेला अंश, आणि तोही हवेच्या पडद्याआडून. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात साधारण नव्वद टक्के वाटा हवेने विखुरलेल्या प्रकाशाचाच असतो. तो वजा करून जे उरते, त्यात हरितद्रव्याची खूण शोधायची. हरितद्रव्य ४४३ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश आणि ६७० च्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून घेते व हिरव्याला बरेचसे सोडून देते. भर समुद्रात निळ्याचे हिरव्याशी गुणोत्तर काढले की काम भागते, कारण तिथे पाण्याचा रंग बदलणारे प्लवकांखेरीज फारसे काही नसते. नासाच्या संकेतस्थळावर तयार मिळणारे हरितद्रव्याचे नकाशे मुख्यतः याच गुणोत्तरावर उभे आहेत.

खाडीत हे गणित कोलमडते. १९७७ साली मोरेल आणि प्रियूर या शास्त्रज्ञांनी पाण्याचे दोन प्रकार वेगळे केले: रंग मुख्यतः प्लवकांमुळे ठरतो ते, आणि गाळ वा विरघळलेले सेंद्रिय द्रव्यही रंगात बरोबरीचे वाटेकरी असते ते. आपल्या सगळ्या खाड्या दुसऱ्या प्रकारात येतात. कांदळवनातली पाने कुजून त्यांचा चहासारखा पिवळट अर्क पाण्यात उतरतो. तो अर्क निळा प्रकाशच शोषतो, म्हणजे नेमके हरितद्रव्याचे सोंग घेतो. गाळ तर सगळ्याच रंगांचा प्रकाश परत उधळतो. मांडवी घ्या. पावसाळ्यात डोंगरातून जांभ्याची तांबडी माती घेऊन येणारे पाणी, काठाची खारफुटी, खनिजाची ये-जा करणारे बार्ज आणि त्यांनी ढवळलेला तळ. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या, तेव्हा नदीतली बार्जची वाहतूकही थांबली. असा बदल तुमच्या कालमालिकेच्या मधोमध येत असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत दिसणारा फरक प्लवकांचा की गाळाचा, हे निळ्या-हिरव्या गुणोत्तरावरून तुम्ही सांगू शकणार नाही.

म्हणून खाडीसाठी निळ्याकडून तांबड्याकडे सरका. हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या जवळ प्रकाश शोषते आणि ७०५ च्या आसपास परावर्तनाचा एक छोटा उंचवटा दिसतो. या दोन पट्ट्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीसीआय नावाचा निर्देशांक मिळतो. तो २०१२ मध्ये गढूळ, उत्पादक पाण्यासाठीच सुचवला गेला. पिवळ्या अर्काचा त्याला फारसा त्रास होत नाही, कारण तो अर्क तांबड्या टोकाशी जवळजवळ निष्प्रभ असतो. पण हा निर्देशांकही सर्वगुणसंपन्न नाही. हरितद्रव्य कमी असले की तो उंचवटा विरतो, आणि गाळ फार झाला की सरकतो. शिवाय गढूळ खाडीत प्रकाश जेमतेम मीटरभर, कधी त्याहूनही कमी खोल जाऊन परततो. तळाजवळच्या थरात काय चालले आहे ते उपग्रहाला कधीच कळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: किनारी पाण्यावरच्या कितीतरी शोधनिबंधांत नासाचे तयार नकाशे वापरलेले असतात, मग आम्हीच का अडून बसावे? ते निबंध बारकाईने वाचा. त्यांतले ‘किनारी पाणी’ बहुतेकदा किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटर पुढचे असते आणि खाडीचे मुख नकाशात एखाद-दोन चौकोनांत संपलेले असते. तुमचा अभ्यास मुखाबाहेरच्या समुद्राचा असेल तर तो मार्ग जरूर धरा. मात्र प्रबंधाच्या शीर्षकात ‘खाडी’ लिहू नका.

आधी खाडीची रुंदी, मग उपग्रह

कोणता उपग्रह चांगला, हा प्रश्न उलट्या बाजूने विचारलेला आहे. आधी तुमच्या खाडीची रुंदी मोजा. काठालगतच्या चौकोनात पाणी आणि जमीन मिसळते, म्हणून दोन्ही काठांपासून निदान तीन-तीन पिक्सेल सोडायचे आणि मध्ये उरेल तेवढेच पाणी आपले मानायचे. तीनशे मीटरच्या पिक्सेलसाठी याचा अर्थ दोन्हीकडून नऊशे मीटर सोडणे. मुखापाशी काही किलोमीटर रुंद असलेल्या मांडवी-झुआरीला हे परवडते; वर सरकताना पात्र काहीशे मीटरवर येते आणि हिशोब संपतो. ठाण्याची खाडीही दक्षिणेला ऐसपैस आणि ठाण्याजवळ चिंचोळी आहे. सगळ्या लांबीला एकच उपग्रह पुरेल अशी आशा धरू नका.

- सेंटिनेल-२ : जोडीतले पहिले दोन उपग्रह २०१५ आणि २०१७ मध्ये सोडले गेले. जोडी मिळून पाच दिवसांनी फेरी. पिक्सेल पट्ट्यानुसार १०, २० वा ६० मीटर. ७०५ नॅनोमीटरचा पट्टा २० मीटरचा. अरुंद खाडीसाठी आजघडीला पहिली पसंती हीच.
- सेंटिनेल-३ : २०१६ आणि २०१८. तीनशे मीटरचा पिक्सेल, २१ पट्टे, दोन दिवसांच्या आत पुन्हा दर्शन. रंग वाचण्यासाठीच घडवलेले साधन, म्हणून मुखापाशी आणि बाहेर उत्तम.
- ओशनसॅट-३, म्हणजे ईओएस-०६ : २६ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रक्षेपित. त्यावरील समुद्र-रंग मापकाला १३ पट्टे आहेत, पिक्सेल साडेतीनशे मीटरच्या घरातला. हा दुपारी बाराच्या सुमारास जातो. त्याचे महत्त्व पुढे येईल.
- लँडसॅट : तीस मीटरची नोंद १९८४ पासून, आणि २००८ पासून सर्वांना मोफत. ७०५ चा पट्टा नाही, म्हणून हरितद्रव्यासाठी लंगडा; गढूळपणाचा इतिहास काढायला मात्र तोडीचा दुसरा कोणी नाही.
- मोडिस : २००२ पासूनची सलग मालिका, पण हरितद्रव्याचे नकाशे एक किलोमीटरचे. खाडीच्या आत वापरू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला नासाचा पेस उपग्रह शेकडो बारीक पट्ट्यांत रंग पाहतो आणि प्लवकांचे गट ओळखण्याची आशा त्याच्यावर आहे. परंतु त्याचाही पिक्सेल किलोमीटरभराचा. नावाला भुलून निवड करू नका.

सकाळी अकराची खाडी

खाडीच्या अभ्यासातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा भरती-ओहोटीचा आहे, आणि उत्तर भारतातल्या नद्या-तलावांवर हात बसलेल्यांकडून तो हटकून सुटतो. यमुना दिल्लीत दिवसातून दोनदा उलटी वाहत नाही. खाडी वाहते. सेंटिनेल-२ आपल्याकडून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. ठरलेल्या वेळी पाहणे शास्त्रशुद्ध वाटते खरे, पण भरतीचे घड्याळ सूर्याच्या नव्हे, मुख्यतः चंद्राच्या तालावर चालते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पाच दिवसांत हा उशीर चार तासांच्या थोडा वर जातो आणि पंधरा दिवसांत साडेबारा तासांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण भरती-चक्र. पाच दिवसांनी एकदा येणारा उपग्रह त्यामुळे भरतीच्या त्याच त्या तीन अवस्था आळीपाळीने पाहत राहतो. त्या अवस्था सरकतात, पण इतक्या सावकाश की एका हंगामात फरक कळू नये. ढगांनी त्यातली एखादी पाळी नेमाने खाल्ली, तर उरतात दोनच.

कोकणातल्या मच्छीमाराला याची दुसरी बाजू न शिकवता ठाऊक असते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, त्याच सुमाराला ओहोटी असते. म्हणजे अकराच्या उपग्रहाला उधाणाचे पाणी नेहमी चढलेले दिसणार आणि भांगाचे नेहमी उतरलेले. उधाणाची खोल ओहोटी, जेव्हा चिखल उघडा पडतो आणि वरच्या अंगाचे पाणी मुखाकडे ओढले जाते, ती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला होऊन जाते. उपग्रहाच्या नोंदीत ती येतच नाही. तुम्ही महिन्याची सरासरी काढाल तेव्हा तिच्यात चढलेल्या पाण्याच्या बाजूने झुकाव असेल, आणि भांगाला हरितद्रव्य ‘वाढले’ असे दिसले तर ते प्लवक वाढल्यामुळे असेल किंवा वरचे हिरवट पाणी खाली सरकल्यामुळे.

उपाय कठीण नाही, फक्त कंटाळवाणा आहे. प्रत्येक चित्राच्या तारखेसमोर जवळच्या बंदराच्या भरतीच्या कोष्टकातून त्या वेळची अवस्था लिहा: चढती, पूर्ण, उतरती, तळाची. खाडीच्या आत भरती मुखापेक्षा उशिरा पोचते, तो उशीरही जमेस धरा. मग तुलना सारख्या अवस्थेतल्या चित्रांचीच करा. चाळीस चित्रांपैकी हाती बारा उरली तर बाराच वापरा. सेंटिनेल-३ थोडा आधी येतो आणि ओशनसॅट-३ दुपारी बाराला. रुंद मुखाशी ही तिन्ही चित्रे एकाच दिवशी मिळाली तर दोन तासांत पाणी किती सरकले ते दिसते, आणि प्लवक दोन तासांत दुप्पट होत नाहीत. जे बदलले ते भरतीचे, असे म्हणण्याचा हा दुर्मीळ प्रसंग असतो.

पावसाळ्याचे चार महिने

मांडवी-झुआरीसारख्या खाड्यांना शास्त्रज्ञ मान्सूनच्या खाड्या म्हणतात, आणि ते उगाच नाही. जून ते सप्टेंबर नदीचे पाणी इतके येते की वरच्या भागात खारटपणा जवळजवळ शून्यावर उतरतो. उन्हाळ्यात तोच भाग मचूळ होतो. प्लवकांच्या जातींची अदलाबदल, पोषकद्रव्यांचा पूर, गाळाचा पडदा, सगळे नाट्य या चार महिन्यांत आणि त्यांच्या उंबरठ्यांवर घडते. नेमक्या त्याच वेळी रंग पाहणारा उपग्रह ढगांमुळे आंधळा असतो. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, सेंटिनेल-१ त्यांतला. पण रडारला हरितद्रव्याचा रंग दिसत नाही. त्याच्यावरून प्लवक मोजता येतात असे कोणी सांगितले तर शांतपणे पुढे चला.

तेव्हा दोनच प्रामाणिक वाटा उरतात. पहिली, अभ्यासाचा काळ ऑक्टोबर ते मे असा उघड लिहून प्रश्न त्यात बसवणे: पाऊस ओसरल्यावर प्लवकांचा फुलोरा कधी येतो, मुखाकडून आत किती सरकतो, उन्हाळ्यात कुठे साचतो. दुसरी, पावसाळ्यासाठी पाण्यात बसवलेले मापक किंवा कोणा संस्थेच्या नियमित नोंदी मिळवणे आणि उपग्रह कोरड्या महिन्यांपुरता ठेवणे. तिसरी एक पळवाट फार लोकप्रिय आहे: पावसाळ्यातल्या मिळतील त्या दोन-तीन चित्रांची ‘हंगामी सरासरी’ काढायची. ती टाळा. ढग फाटलेला दिवस हा पावसाळ्यातला सरासरी दिवस नसतो. त्या दिवशी ऊन असते, पाऊस थांबलेला असतो, गाळ थोडा बसलेला असतो. प्लवकांना अनुकूल असे सगळे निवडून घेऊन तुम्ही त्याला पावसाळा म्हणत असता.

चित्र हाती आल्यावर होणाऱ्या चुका

सेंटिनेलची माहिती कोपर्निकसच्या डेटा स्पेसवरून मोफत उतरवता येते. गूगल अर्थ इंजिनवर ती उतरवून न घेताही हाताळता येते. स्नॅप आणि क्यूजीआयएस ही साधने फुकट आहेत. अडचण साधनांची नाही. ती सवयींची आहे, आणि दिल्लीतल्या प्रयोगशाळांत शेती, शहर आणि जंगल यांच्यावर घडलेल्या सवयी पाण्यावर तशाच चालत नाहीत.

सेंटिनेल-२ चे ‘दुरुस्त केलेले’ दुसऱ्या पातळीचे चित्र जमिनीसाठी दुरुस्त केलेले असते. हवेचा वाटा वजा करण्याची त्याची रीत काळ्याशार पाण्यावर गडबडते. पाण्यासाठी ॲकोलाइट, किंवा स्नॅपमध्येच मिळणारे सी२आरसीसी वापरा, आणि जमल्यास दोन्ही वापरून उत्तरांतला फरक नोंदवा. तो फरक हीच तुमच्या अनिश्चिततेची पहिली मोजपट्टी. समुद्रासाठीच्या जुन्या रीती असे धरतात की जवळच्या अवरक्त पट्ट्यात पाणी पूर्ण काळे असते. गढूळ खाडीत ते काळे नसते. गाळाची चमक हवेच्या नावावर टाकली जाते आणि निळ्या पट्ट्यात उणे आकडे येतात. उणे परावर्तन दिसले की समजा, दुरुस्ती चुकली.

दुसरी चूक कारकुनी आहे आणि म्हणूनच घातक. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घालून ते साठवले जातात. वापरण्याआधी ती वजा करायची असते. समजा ७०५ चा आकडा ३०० आणि ६६५ चा २०० आहे. निर्देशांक आला १०० भागिले ५००, म्हणजे ०.२. तीच भर वजा न करता घेतली तर १३०० आणि १२००. निर्देशांक १०० भागिले २५००, म्हणजे ०.०४. पाणी तेच, प्लवक तेच, आणि तुमच्या आलेखात २०२२ पासून निर्देशांक पाचपट कोसळलेला. अर्थ इंजिनवर ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की हा घोळ टळतो. दहा वर्षांच्या मालिकेत २०२२ च्या सुरुवातीला पायरी दिसली, तर कारखान्याला किंवा हवामानबदलाला दोष देण्याआधी ही वजाबाकी तपासा.

तिसरी चूक, पाणी नसलेल्या जागेला पाणी मानणे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर डायटमचा सोनेरी-तपकिरी थर असतो. त्यातही हरितद्रव्य आहे, पण तो तरंगणारा प्लवक नव्हे. ठाणे खाडीतल्या ज्या चिखलावर रोहित पक्षी चरतात, तो चिखल निर्देशांकात भरघोस फुलोऱ्यासारखा उजळेल. उलट दिशेची फसवणूक काठाची: खारफुटीची पाने अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतात आणि त्यातला काही हवेत विखुरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये शिरतो. म्हणून तीन पिक्सेलांचा नियम हा किमान नियम आहे. दाट कांदळवन असेल तर आणखी आत सरका आणि प्रत्येक तारखेला पाण्याची सीमा नव्याने आखा. एकदा आखलेली सीमा वर्षभर वापरणे म्हणजे उधाणाचा काठ भांगाला लावणे.

किती वर्षांवरून किती बोलावे

आपल्याच समुद्राचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. २००५ मध्ये सायन्स या नियतकालिकात गोएस आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यात १९९७ पासूनच्या उपग्रहीय नोंदींवरून पश्चिम अरबी समुद्राच्या किनारपट्टीला उन्हाळी प्लवकांचे प्रमाण ३५० टक्क्यांहून जास्त वाढल्याचे म्हटले होते. पुढे २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घट झाल्याचा निष्कर्ष काढला. क्षेत्र, ऋतू आणि कालखंड वेगळे असल्यामुळे यातले एक खरे आणि दुसरे खोटे, असा निवाडा करता येत नाही. पण वाढ किंवा घट हा शब्द किती वर्षांच्या खिडकीतून पाहिले यावर किती अवलंबून असतो, ते दिसते. खुल्या समुद्रासाठी २०१० मध्ये हेन्सन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की हवामानबदलाचा कल नैसर्गिक चढउतारातून वेगळा ओळखायला सुमारे चाळीस वर्षांची नोंद लागते. सेंटिनेल-२ ला चाळीस वर्षे झालेली नाहीत. खाडीसारख्या चंचल पाण्यावर पाच-सात वर्षांवरून ‘कल’ हा शब्द लिहू नका. ‘या वर्षांत असा फरक दिसला’ एवढे लिहा. परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत.

मग उपग्रहाचा उपयोग काय राहिला, असा दुसरा आक्षेप इथे रास्तपणे येईल. उपयोग आहे, आणि मोठा आहे. होडीतून दिवसभरात दहा ठिकाणचे पाणी भरता येते. उपग्रह एका क्षणात सगळी खाडी दाखवतो. हिरवा पट्टा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी दरवर्षी उजळतो, याबाबत त्याच्याइतका साक्षीदार नाही. नेमका आकडा सांगण्यात तो कच्चा आहे, तुलना करण्यात पक्का. प्रश्न तुलनेचे ठेवले तर तो फसवत नाही.

माहिती मागण्याचा तुमचा हक्क

भारतीय उपग्रहांची माहिती पैसे मोजूनच मिळते हा समज जुना झाला. भारतीय अंतराळ धोरण २०२३ नुसार पाच मीटर आणि त्याहून ढोबळ पिक्सेलची सरकारी उपग्रहीय माहिती मोफत आणि खुली ठेवायची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी या संकेतस्थळावर नोंदणी करून ती पाहा. कोपर्निकसची माहितीही खुली आहे, फक्त ती वापरल्याचा उल्लेख वर्षासह करणे बंधनकारक आहे. तो प्रबंधातच नव्हे, प्रत्येक नकाशाखाली हवा. हैदराबादचीच इनकॉइस ही संस्था शैवाल-फुलोऱ्यांविषयी माहिती देते. स्वतःच्या निष्कर्षाशी ताडून पाहायला ती चांगली.

पाण्याच्या प्रत्यक्ष नोंदी मिळवणे जास्त कष्टाचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ खाड्यांच्या पाण्याची नियमित तपासणी करते. तिथे प्राणवायू, आम्लता, सेंद्रिय भार असे आकडे सापडतील. हरितद्रव्य असेलच असे नाही. जे प्रसिद्ध नाही ते माहिती अधिकार कायदा २००५ खाली मागा. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नकार किंवा अपुरे उत्तर आल्यास पहिल्या अपिलाला पुन्हा ३० दिवस. महाराष्ट्राच्या मंडळासाठी अर्ज राज्याकडे करावा लागतो. दिल्लीतल्या केंद्रीय मंडळाकडे तो टाकला तर हस्तांतरात दिवस जातात. अर्जात ‘खाडीच्या प्रदूषणाची माहिती द्या’ असे मोघम लिहू नका. ठिकाणाचे नाव, महिने, घटक आणि नमुना घेतल्याची वेळ, असे नेमके लिहा. वेळ विसरू नका, कारण तिच्याशिवाय भरतीची अवस्था कळत नाही आणि अवस्थेशिवाय तो आकडा तुमच्या चित्राशी जुळवता येत नाही. एवढेही लक्षात ठेवा की कायदा असलेल्या नोंदी देतो. विश्लेषण करून द्या, असे त्याखाली मागता येत नाही.

ओखल्यावर हात बसवा

शेवटचा आणि सर्वांत टाळला जाणारा टप्पा बाटलीभर पाण्याचा आहे. प्रत्यक्ष नमुन्याशिवाय तुमच्याकडे हरितद्रव्य नाही, फक्त निर्देशांक आहे. कोकणात एकदा तरी जावेच लागेल. पण पहिला सराव दिल्लीतच होऊ शकतो. ओखला बंधाऱ्याच्या वर यमुना पसरते. मॅजेंटा मार्गिकेवर ‘ओखला पक्षी अभयारण्य’ नावाचे मेट्रो स्थानक आहे आणि जामियापासून हे पाणी हाकेच्या अंतरावर. वझिराबाद ते ओखला या २२ किलोमीटरमध्ये नदीत शहराचे सांडपाणी मिसळते, म्हणून पोषकद्रव्यांचा तुटवडा नाही. भरती-ओहोटी नाही, त्यामुळे एक गुंता कमी. बाकीचे सगळे गुंते हजर आहेत: गाळ, अरुंद पात्र, फेस, आणि जलपर्णीचे तरंगते गालिचे, जे निर्देशांकाला फुलोऱ्यासारखे दिसतात. ते ओळखून वगळता आले की खारफुटीच्या काठाशी तुमची फजिती होणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र हा सराव टाळा. दिल्लीच्या धुरक्यातली काजळी प्रकाश शोषते आणि हवेची दुरुस्ती करणाऱ्या रीतींना ती नीट हाताळता येत नाही. फेब्रुवारी-मार्चची निरभ्र सकाळ सगळ्यात बरी.

अभयारण्याच्या हद्दीत नमुना घ्यायचा तर उत्तर प्रदेश वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्यातही वन खात्याला विचारल्याशिवाय उतरू नका. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, ठिकाणांचा नकाशा आणि तारखांची यादी सोबत जोडा. नमुना पृष्ठभागाखालून, काठापासून आत घ्या. बाटली गडद रंगाची किंवा काळ्या कागदात गुंडाळलेली, बर्फावर ठेवलेली. पाणी गाळायचे शक्यतो त्याच दिवशी. सोबत पांढरी सेक्की चकती सोडून ती कोणत्या खोलीला दिसेनाशी होते ते लिहा. चकतीला खर्च काही नाही आणि उपग्रहाला किती खोलवर दिसले असेल याचा अंदाज तीच देते. समुद्रावर उपग्रहाच्या वेळेआधी वा नंतर तीन तासांपर्यंतचा नमुना चालवून घेतात. खाडीत तीन तासांत अर्धी भरती होऊन जाते, म्हणून तिथे तासाभराची मर्यादा पाळा.

सेंटिनेल-२ च्या फेऱ्यांच्या तारखा आधीच प्रसिद्ध होतात. पुढची तारीख आणि त्या दिवसाचा हवामान अंदाज पाहून ठेवा, परवानगीचे पत्र खिशात ठेवा आणि सकाळी साडेदहापर्यंत पाण्याशी पोचा.